टेस्टरची जागा कुणाच्या नावावर

माणसाला गुण देऊन देशात घ्यायचं, ही कल्पना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती चक्क आवडली होती.

माझ्या नवऱ्याचा, म्हणजे बलभीमचा, कॉलेजातला मित्र हैदर वेल्डिंगचं काम शिकून कॅनडाला गेला होता. सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीत त्यानं तिकडून एक माहितीपत्रक आणि कोरा अर्ज पाठवला. शंभरपैकी निदान पन्नास गुण पडले तर कायमचं राहायला जाता येतं, असं त्यात लिहिलं होतं. शाळा-कॉलेजच्या प्रत्येक वर्षाला एक गुण. वयाला गुण, इंग्रजी-फ्रेंचला गुण, आणि आपल्या कामाला तिकडे किती मागणी आहे त्यालाही गुण. मी रसायनशास्त्राची पदवीधर. आमच्या ईट गावच्या दूध शीतकेंद्रावर चार वर्षं रोज सकाळी दुधाचं फॅट काढते, म्हणजे स्निग्धांश मोजते, आणि त्यावर भाव ठरतो. दुधाला लावतो तसाच न्याय कुणीतरी माणसालाही लावतंय, हे मला सरळ वाटलं. कुठल्या घरात जन्मलात, असा रकाना तर त्यात शोधूनही सापडला नाही.

हे आवडणं आठवडाभर टिकलं. मग घरच्यांनी अर्ज हातात घेतला.

माझे सासरे आबाराव, मी त्यांना मामा म्हणते, प्राथमिक शिक्षक होते, नुकतेच निवृत्त झालेले. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी घरात एकच गोष्ट लावून धरली, ती म्हणजे शिक्षण. बलभीमला बी.कॉम. त्यांनी केलं, आणि माझ्या वडिलांकडे मला मागणी घालताना हुंडा नको, बी.एस्सी. पुरी करू द्या, असंही तेच म्हणाले होते. हे मी विसरत नाही. पण गुण म्हटलं की त्यांच्यातला मास्तर जागा होतो. बलभीमला पन्नासच्या वर कसं न्यायचं, हा त्यांच्यासाठी वार्षिक परीक्षेचा प्रश्न झाला. पुण्याहून फ्रेंचचं पुस्तक मागवलं. त्यात उच्चार देवनागरीत दिले होते. संध्याकाळी ओट्यावर बलभीम ते मोठ्यानं म्हणायचा आणि मामा हातात पट्टी घेऊन बसायचे. दोघांनाही फ्रेंच येत नव्हतं, त्यामुळे चूक कधीच सापडत नव्हती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी बसून म्हणायच्या, "नाकातनं बोलायला दीडशे रुपयांची कॉलेजची फी भरली का आपण?"

मी माहितीपत्रक नीट वाचलं. पाठीमागच्या पानावर बारीक अक्षरात होतं की कामाच्या मागणीच्या रकान्यात निदान एक गुण हवाच. तिथं शून्य आलं तर बाकीचे कितीही असोत, अर्ज नामंजूर. सोबत कामांची यादी होती. बलभीम विकास सोसायटीचा सचिव. सचिव, लेखनिक, हिशेबनीस यांच्यापुढे त्या वर्षी शून्य होतं. दुग्धशाळेतल्या प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञापुढे चांगले गुण होते.

म्हणजे मी.

त्याच पानावर असंही छापलं होतं, की मुख्य अर्जदार नवरा किंवा बायको यांपैकी कुणीही असू शकतं, आणि दुसऱ्याला सोबत नेता येतं. मी दोन्ही वाक्यं मामांना वाचून दाखवली, मग मराठीत करून सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ते त्यांच्या गोऱ्या बायकांसाठी असेल, सूनबाई."

मी म्हटलं, मामा, अर्ज बाहेरच्या लोकांसाठी आहे, गोऱ्या बायका तिथंच राहतात. ते म्हणाले, बघू.  बलभीम पुस्तकातलं पान उलटून नाकातनं पुढचं वाक्य म्हणाला.

बलभीम वाईट माणूस नाही. बहात्तरच्या दुष्काळात गावं गाळ काढायला आणि खडी फोडायला गेली तेव्हा हजेरीचं काम त्यानं केलं आणि एकाही बाईची हजेरी बुडू दिली नाही. पण कुणी ठरवलेलं त्याला मोडता येत नाही. ठरवणारा वयानं मोठा असेल तर मुळीच नाही.

शून्यावर तोड काढली ती तात्यारावांनी.

तात्याराव म्हणजे आमच्या नवप्रकाश दूध संघाचे चेअरमन. त्यांच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मी टेस्टर म्हणून लागले तेव्हा गावातल्या काहींनी कुरकुर केली, की बौद्धवाड्यातल्या बाईचा हात दुधाला कसा चालेल. तात्यारावांनी सांगितलं होतं, तपासलेलं दूध ॲसिडात जळतं आणि मोरीत जातं, परत कॅनमध्ये येत नाही, मग बाटणार काय? या युक्तिवादानं माझी नोकरी टिकली. मला तो तेव्हाही पटला नव्हता. पण नोकरी मिळाली, आणि त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर ती मिळाली नसती, हेही खरं.

मामांनी त्यांना शून्याची अडचण सांगितली. तात्यारावांना ती अडचण वाटलीच नाही. सहकारात त्यांची वीस वर्षं गेली होती, आणि आमच्याकडे सहकार चालतो तो नावांवर. आमच्याच घरचं घ्या. म्हैस आत्यांच्या नावावर, कारण महिलांना कर्जात सूट होती. तिच्या दुधाचं कार्ड बलभीमच्या नावावर, कारण सभासद तो. सोसायटीचा शेअर बलभीमचे आजोबा ज्ञानोबा यांच्या नावावर. ते बासष्ट साली वारले, आणि वार्षिक सभेचं निमंत्रण अजून त्यांना येतं. धारा मी काढते. माझ्या नावावर काही नाही. खुद्द तात्यारावांच्या पत्नी सरुबाई दूध संघाच्या संचालक आहेत, महिलांची जागा म्हणून. सभेला त्या कधी आल्या नाहीत. प्रोसिडिंगमध्ये त्यांची सही मात्र दर वेळी असते, आणि तिचं वळण तात्यारावांच्या सहीसारखंच असतं.

तेव्हा तात्यारावांनी संचालक मंडळात ठराव केला, की श्री. बलभीम आबाराव हे गेली चार वर्षं शीतकेंद्रावर दूध परीक्षक म्हणून काम पाहतात. त्यावरून इंग्रजीत टाइप केलेला अनुभवाचा दाखला दिला, खाली शिक्का. मामा तो घरी घेऊन आले आणि पेढे वाटले.

मी दाखला वाचला. माझी चार वर्षं त्यात होती. रोज किती नमुने, कोणत्या पद्धतीनं, आंबट दूध कसं ओळखतात, सगळं बरोबर. कारण तो मजकूर मीच मागच्या वर्षी सरकारी तपासणीसाठी लिहून दिला होता. फक्त नाव बदललं होतं.

मी मामांना विचारलं, मग माझं काय काम लिहिणार? ते म्हणाले, गृहिणी. आणि समजावणीच्या सुरात पुढे म्हणाले, घरातल्या घरातच तर आहे.

मला त्या क्षणी पेढ्यांचं ताट भिरकावावंसं वाटलं. भिरकावलं नाही. शांतपणे सांगितलं, की खोटं पकडलं गेलं तर दोघांचीही दारं कायमची बंद होतील. आणि पकडलं गेलं नाही, तर मी तिथं काहीच काम न केलेली बाई म्हणून उतरेन. तिथल्या एकाही प्रयोगशाळेच्या दारात मला सांगता येणार नाही की हे मला येतं, कारण कागदावर ते माझ्या नवऱ्याला येत असेल. मामा म्हणाले, तिथं गेल्यावर बघू. आमच्या घरात सगळंच नंतर बघतात.

मग ठरलं, की दिल्लीला कॅनडाच्या कचेरीत मुलाखत होते, तिथं विचारलं तर उत्तर देता यावं म्हणून बलभीमनं फॅट काढायला शिकायचं. शिकवणार कोण? मी. याचा मला किती संताप आला हे लिहून कळणार नाही. तरी मी शिकवलं. चुकीचं शिकवणं मला जमत नाही.

क्रम सोपा आहे. काचेच्या नळीत आधी ॲसिड, त्यावर कडेनं हळू दूध, मग थोडं अल्कोहोल. बूच घट्ट बसवायचं, फडक्यात धरून हलवायचं. नळी चांगलीच तापते. मग यंत्रात फिरवली की फॅट वर येतं आणि खुणांवर वाचता येतं. बलभीमनं क्रम पाठ केला, अगदी फ्रेंचसारखा. तिसऱ्या दिवशी नळी हलवताना त्यानं बुचावरचा अंगठा काढला. का काढला, विचारलं, तर म्हणाला, चटका बसला. चटका बसतो म्हणूनच अंगठा ठेवायचा असतो. बूच उडालं. ॲसिड त्याच्या मनगटावर आणि मुलाखतीसाठी शिवलेल्या टेरिलीनच्या शर्टावर पडलं. मी हात धरून हौदात बुडवला. जखम फार खोल नव्हती. शर्टाची बाही मात्र जाळीसारखी झाली.

हात पाण्यात असतानाच तो म्हणाला, "गुलाब, हे माझ्यानं होणार न्हाय. तूच अर्ज कर."

मी म्हटलं, हे तुम्ही मामांना सांगा. तो म्हणाला, सांगतो. सांगितलं नाही.

शेवटी मीच तात्यारावांकडे गेले आणि माझ्या कामाचा माझ्या नावाचा दाखला मागितला. ते सुपारी कातरत होते.

"बाई, जागा एक हाय. ती ठरावानं बलभीमच्या नावावर गेली. आता तीच जागा तुमच्या नावावर कशी दावू? एका जागंवर दोन माणसं दावली तर ऑडिटवाला मला सोडंल का?"

मी म्हटलं, पण काम मी करते, पगार मी घेते, हजेरीवर सही माझी आहे. ते म्हणाले, ते खरंच आहे, पण ठराव ठरावच असतो. त्यांच्या बोलण्यात कुठं लबाडी दिसेना, ते मनापासून तसंच मानत होते. आमच्या सरुबाई संचालक हायेत आणि सभेला मी बसतो, आजवर काय बिघडलं, असंही त्यांनी मला वर विचारलं. मी परत आले. चालताना मनात एवढंच होतं, की ठरावाप्रमाणे टेस्टर बलभीम असेल, तर ठरावाप्रमाणेच होऊ द्यावं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी बलभीमला सांगितलं, आज मी नळीला हात लावणार नाही. त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग मनगटावरची पट्टी नीट केली.

एप्रिल होता. आसपासच्या गावांचे कॅन उजाडताच धक्क्यावर येऊन लागले होते. ईटचे लोक आपापल्या किटल्या घेऊन रांगेत. मी नेहमीच्या वेळेला गेले, खोली उघडली, पांढरा कोट खुंटीवरच ठेवला आणि दारात स्टुलावर बसले. तपासल्याशिवाय दूध टाकीत जात नाही, कारण एक आंबट कॅन सगळी टाकी नासवतो. त्यामुळे काहीच हलेना. लोकांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, संघाच्या ठरावाप्रमाणे इथले टेस्टर बलभीम आबाराव आहेत, त्यांना बोलवा.

आधी लोक हसले. मग ऊन धक्क्यावर आलं तसं हसू कमी झालं. कुणी म्हणालं, नवरा-बायकोचं भांडण घरात मिटवा, आमच्या दुधावर कशाला? ते मला लागलं. त्यांचं दूध वाया जावं असं मला खरंच वाटत नव्हतं, आणि कॅनचं झाकण उघडलं की वास सांगत होता, अजून किती वेळ हातात आहे. रांगेत पुढे बनाबाई होती. एका म्हशीवर घर चालवणारी म्हातारी. तिनं मला काय प्रकार ते विचारून घेतलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. ती रांगेकडे वळून म्हणाली, "चार वरसं मह्या दुधाचं फॅट हिनं काढलं. ते बलभीमनं काढलं म्हणत असताल, तर मंग माझी म्हस बी बलभीमच हाय."

तात्याराव आले. त्यांच्या मळ्यातले चार कॅनही तिथंच उभे होते. त्यांनी मला समजावलं, मग दटावलं, मग बलभीमला बोलावणं धाडलं. बलभीम आला. त्याच्यामागे मामाही आले, अनवाणी, घाईत. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "चल की टेस्टर, लाव हात."

बलभीम खोलीच्या दारापर्यंत आला. माझ्या शेजारून आत गेला, नळ्यांच्या स्टँडसमोर उभा राहिला. मला वाटलं, हा आता करील. कुणी सांगितलंय म्हणून हाही करायला जाईल आणि दुसरा हात जाळून घेईल. तो वळून बाहेर आला आणि तात्यारावांसमोर, गावासमोर म्हणाला, "मला येत न्हाय. हे काम तिचं हाय. माझ्या नावाचा दाखला फाडा."

मामा खाली बघत होते.

तात्याराव चिडले. ठराव असा फाडता येत नाही, म्हणाले, सभा लागते, संचालक लागतात. तेव्हा बनाबाईनंच बोटानं दाखवलं, की हा एक संचालक, तो दुसरा, कॅन घेऊन आलेले सगळे संचालकच तर आहेत, इथंच घ्या सभा. कोरमला एक कमी पडला. तात्यारावांनी नेहमीच्या सवयीनं खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, सरुबाईंची सही मी करतो. मी म्हटलं, त्यांना बोलवा. एवढं एकच वाक्य मी त्या सकाळी चढ्या आवाजात बोलले.

सरुबाई आल्या. डोक्यावरचा पदर दातात धरून, कुणाच्या तरी मरणाला बोलावल्यासारख्या घाबरून. त्यांच्यासमोर प्रोसिडिंगचं पुस्तक उघडून ठेवलं. त्यांना लिहिता-वाचता येत होतं, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. कदाचित तात्यारावांनाही ते विसरायला झालं असावं. त्या आपल्या जुन्या सह्या एकेक बघत मागची पानं चाळत गेल्या. मग मागच्या महिन्याच्या ठरावावर थांबल्या आणि हळू विचारलं, "हे म्या कवा म्हणले?"

 एका संचालकानं घसा खाकरला. तात्याराव कॅन मोजल्यासारखं करू लागले.

जुना ठराव रद्द करून टेस्टर मीच असल्याचा नवा ठराव लिहिला गेला; सरुबाईंनी तो वाचून दाखवायला लावला. दोनदा. मग सही केली. ती मागच्या कुठल्याच सहीसारखी नव्हती. मी कोट चढवला. आंबटपणाची चाचणी केली तेव्हा तीन कॅन बाद झाले. त्यांतला एक तात्यारावांचा होता, दोन नव्हते. त्या दोघांची मी माफी मागितली. एकानं ती घेतली नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

दाखला दुपारी हातात आला. पण अर्ज? तो मामांनी सुंदर अक्षरात, शाईनं, बलभीमच्या नावानं भरून ठेवलेला. खाडाखोड चालणार नव्हती. नवा अर्ज दिल्लीहून मागवायला पत्र लिहिलं, तो येईपर्यंत जून गेला. तोवर मामा माझ्याशी मोजकंच बोलत होते. आत्या मधूनमधून विचारायच्या, आता फ्रेंच कोण शिकणार? पुस्तक मी उघडलं. ते चांगलं नव्हतं, पण त्यातला व्याकरणाचा भाग ठीक होता.

नवा अर्ज आला त्या दिवशी मामांनी पाट मांडला, दौत मागितली आणि म्हणाले, आण इकडे, तुझं अक्षर डॉक्टरासारखं आहे. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. माझं नाव, शिक्षणाची वर्षं, काम. काम लिहिताना त्यांनी मला शब्दाचं स्पेलिंग विचारलं नाही. ते त्यांना येत होतं.

मग सोबत येणाऱ्यांचा रकाना आला. पतीचं नाव लिहून झालं. पतीचा व्यवसाय. मामा थांबले. टाक तसाच धरून त्यांनी बलभीमकडे पाहिलं. म्हणाले, याला तिकडे गुण नाहीत, तर दुसरं काहीतरी बरं दिसेल असं लिहू का? व्यवस्थापक वगैरे?

बलभीम खांबाला टेकून उभा होता.

"सोसायटीचा सचिव लिहा," तो म्हणाला. "शून्य तर शून्य. पण ते काम म्या केलंय."

मामांनी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं.